रक्तातला चौदाचा आकडा

"दम धरा जरा. गाईला कळ येऊ द्या, मंग वढू," भागुजी म्हणाला.

त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता आणि गाल तिच्या मांडीला टेकला होता. आत वासराची मान मागं वळलेली. हाताला लागत होती, पण सरळ होत नव्हती. सावळेराम शेपूट बाजूला धरून उभा होता. त्याची बायको बायडाबाई दावं आवळून गाईला "झालं गं बाई, झालं" म्हणत होती.

खरं तर हे काम डॉक्टरांचं. भागुजी धरणाजवळच्या गुरांच्या दवाखान्यात परिचर. कागदावर त्याचं काम म्हणजे झाडलोट करणं, औषधं मांडणं आणि जनावर धरून ठेवणं. पण डॉक्टर एक आणि गावं वीस, आणि गाय काही साहेबाची गाडी येईपर्यंत थांबत नाही. एकतीस वर्षांत त्यानं इतकी वासरं ओढून काढली होती की लोक त्याला ‘भागुजी डाक्टर’ म्हणत, निम्मं चेष्टेनं आणि निम्मं मनापासून.

तेवढ्यात त्याच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला. सावळेरामनं तो काढून पाहिला. "पुन्याचा दिसतोय. मोहिनी मॅडम लिवलंय."

भागुजीचा हात आतल्या आत थांबला. "कानाला लाव माझ्या," तो म्हणाला.

"काका, तुमचा रिपोर्ट आलाय. आता बोलू शकता का?"

"बोला मॅडम. हात तेवढा गुतलाय."

"कशात?"

"गाईत."

पलीकडं मॅडम हसायलाच लागल्या. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई असं खळखळून हसतात हे भागुजीला ठाऊक नव्हतं. "अहो काका, तेच तर निघालं! तुमच्या गाईंचाच घोटाळा आहे सगळा!"

हा घोटाळा समजायचा तर थोडं मागं जायला हवं. पाच वर्षांपूर्वी भागुजीच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी कॅन्सरमुळं पुरती काढून टाकली होती. ती गेली की रक्तातला एक आकडा शून्याजवळ यायला हवा आणि तिथंच राहायला हवा. वर चढला, तर आजार कुठंतरी पुन्हा मूळ धरतोय असं समजायचं. तो आकडा ज्या पदार्थाचा, त्याचं नाव थायरोग्लोब्युलिन. भागुजीच्या जिभेला ते कधी वळलं नाही, तो नुसतं ‘आकडा’ म्हणायचा. अडीच वर्षं आकडा शून्य पूर्णांक एक होता. मग रक्त तपासायचं ठिकाण बदललं आणि आकडा एकदम साडेनऊवर गेला. तीन महिन्यांनी चौदा. गळ्याची सोनोग्राफी स्वच्छ, सगळ्या अंगाचं स्कॅन स्वच्छ, आणि आकडा चौदाच्या चौदा.

आता मॅडम फोनवर सांगत होत्या, "तुमचं रक्त आम्ही पातळ करून पुन्हा तपासलं. खरा आकडा असता तर रक्त निम्मं पातळ केल्यावर तोही निम्मा झाला असता. झाला नाही. दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर लावलं, तर शून्य. काका, या तपासणीत जनावरांपासून तयार केलेली द्रव्यं वापरतात. तुमच्या रक्तात जनावरांच्या विरुद्ध तयार झालेलं काहीतरी आहे. ते त्या द्रव्यांना चिकटतं आणि मशीन फसतं. आयुष्यभर गुरांत हात घातलेल्या माणसात असं होऊ शकतं. गुरांमुळंच झालं असं मी छातीठोक नाही सांगत. पण हा आकडा कॅन्सरचा नाही, हे सांगते."

"म्हंजी गेला का मॅडम?"

"गेला काय! चढलाच नव्हता तो. अडीच वर्षांत कधीच नाही."

मॅडम पुण्याच्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यात नव्या आल्या होत्या. अडीच वर्षांत भागुजीला तिथं वजन विचारलं होतं, तंबाखू विचारली होती, आधार कार्ड तर दहादा मागितलं होतं. "काका, तुम्ही काम काय करता?" हे मागच्या महिन्यात या बाईनंच पहिल्यांदा विचारलं.

फोन बंद झाला आणि गाईला कळ आली. भागुजीनं डोळे मिटून आत वासराचं नाक चाचपलं, मूठ वळवली आणि मान सरळ केली. "आता वढा!" पुढचे पाय, मग नाक, मग सगळं वासरू घसरून गवतावर आलं. कालवड होती. बायडाबाईनं तिच्या नाकातला चिकटा काढला, आणि कालवडीनं कान हलवले.

"काय म्हनली डाक्टरीन?" सावळेरामनं विचारलं.

"मला परत काय झालंच नव्हतं म्हनली."

"आगं बया! आवं मंग पेढं वाटा की पेढं!" बायडाबाई म्हणाली. "कालवडीचं बी आन तुमचं बी."

भागुजी हौदाकडं गेला, खांद्यापर्यंत साबण लावला, हात धुतला, आणि हौदाच्या कडेवर बसून हमसून हमसून रडायला लागला. सावळेरामला वाटलं, आनंदाचं रडू आहे. तोही हसत जवळ गेला, पण भागुजीचा चेहरा पाहून त्याच्या शेजारी बसला.

"रत्नाला काय सांगू रं सावळेराम?" भागुजी म्हणाला.

रत्ना त्याची एकुलती एक मुलगी. आई अंजना गेली तेव्हा ती नववीत होती. पोरीला नर्स करायचं हे नवरा-बायकोचं आधीपासून ठरलेलं. भागुजीच्या अख्ख्या भावकीत सरकारी नोकरीला लागलेला तो पहिला, आणि पोरगी आपल्यापुढं जाणार याचा त्याला इतका गर्व होता की तिच्या कॉलेजचं ओळखपत्र त्यानं फोटो काढून फोनमध्ये ठेवलं होतं. रत्ना पुण्याला बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना चौदाचा आकडा आला.

भागुजी मरायला भ्याला नव्हता, पोरीला उघड्यावर टाकून जायला भ्याला होता. "माझ्या डोळ्यादेखत तुझे हात पिवळे करतो," एवढं एकच त्यानं धरून ठेवलं.

रत्ना सुट्टी काढून आली होती. मांडीवर सगळे रिपोर्ट पसरून, पेन्सिलीनं खुणा करत बापाला म्हणाली होती, "दादा, हितं बघा. आधी शून्य, आन मधी लॅब बदलली तवापासनं वाढलंय. मशीन बदललं की आकडा बदलतो, आमाला शिकवलंय. दुसरीकडं लावून बघू ना आधी."

"रक्त खोटं बोलत नाय पोरी."

"रक्त न्हाई बोलत हो, मशीन बोलतं!"

"आन मी उद्या गेलो तर तुला कोन हाय, त्ये सांग!"

दोन दिवस ती जेवली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं मान डोलावली. वीस दिवसांत निमगाव सावाच्या रुपेशशी विहारात लग्न लागलं. पोरगा निर्व्यसनी, स्वतःचा पिकअप, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या खेपा करायचा. "लग्नानंतर शिकवू की, त्याला काय!" असं सगळेच म्हणाले, आणि ते सगळ्यांच्या मनात खरंच होतं. पण आधी कांदा काढायचा होता, मग रत्नाला दिवस गेले, मग मुलगी झाली.

लग्न झाल्यावर आठ दिवसांनी, आकडा उतरावा म्हणून, भागुजी आयोडीनचा डोस घ्यायला दवाखान्यात एकटा दाखल झाला. औषध किरणांचं, म्हणून चार दिवस बंद खोली. जेवणाचं ताट दाराशी ठेवून माणूस निघून जायचा. घरी आल्यावरही तेच चाललं, फक्त ताट ठेवायलाही कुणी नव्हतं. दोन खोल्यांचं क्वार्टर, एक माणूस, आणि तपासणीत तोच चौदाचा आकडा. सकाळच्या चार भाकरी करून तो रात्रीपर्यंत पुरवायचा. रत्नाचा फोन रविवारी यायचा. "बरं हाय ना दादा?" "बरं हाय. तुजं?" "बरं हाय." मग दोघंही थोडा वेळ फोन कानाशी धरून ठेवायचे.

सावळेरामनं सगळं ऐकून घेतलं. दोघांची तीस वर्षांची ओळख. तो म्हणाला, "येक सांगू का भागुजी? औषध लागू पडलं म्हना. डोस घ्येतला, आन गुन आला. पोरीला बी बरं वाटंल, आन तुमाला बी. झालं गेलं कशाला उकरायचं? आता कुनाचं काय परत येनार हाय?"

यात वाईट ते काय होतं? भागुजीला काहीच सापडलं नाही.

रविवारी तो निघाला. डिंभ्याची सातची एसटी साडेआठला आली. घोडेगावात उतरून त्यानं झेरॉक्सवाल्याकडून मॅडमनी फोनवर पाठवलेला रिपोर्ट कागदावर काढून घेतला. का काढला, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. सावळेरामचीच गोष्ट सांगायची, तर कागदाचं काम नव्हतं. घडी घालून त्यानं तो पिशवीत सफरचंदांच्या खाली ठेवला. मंचरला गाडी बदलली, नारायणगावला पुन्हा बदलली. सगळ्या वाटेनं तो मनात घोकत होता : डोस लागू पडला, डोस लागू पडला. खोटं बोलायची सवय नसली की पाठ करावं लागतं.

निमगावात रत्नाच्या सासूनं, कुशाबाईनं, अंगणातूनच आरोळी दिली. "या पावणं! रत्ने, तुजं दादा आलं गं!" कुशाबाई तोंडानं मोठी आणि मनानं बरी बाई. रुपेश टोमॅटो घेऊन बाजाराला गेला होता. रत्ना हाताला शेण लागलेली तशीच गोठ्यातून आली. वाळली होती. कमरेवर अकरा महिन्यांची पोर होती, आणि पोरीनं आजोबाला ओळखलं नाही.

पाणी झालं, चहा झाला. भागुजीनं बशी खाली ठेवली आणि घोकलेलं बोलून टाकलं. "ईहीनबाई, रिपोर्ट चांगला आला. डोस लागू पडला. काय बी राह्यलं न्हाय आता."

"आरं द्येवा! लई ब्येस झालं!" कुशाबाईनं टाळीच वाजवली. "थांबा, शिरा टाकते. बिनशिऱ्याचं सोडत नसते मी."

ती आत गेली. रत्ना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसली. लग्नानंतर तिला असं हसताना भागुजीनं पाहिलं नव्हतं.

"मंग चीज झालं दादा," ती म्हणाली. "लई रातींना मनात यायचं, उगंच झालं का काय सगळं. आता न्हाई यायचं."

संपलं होतं. गोष्ट बसली होती. भागुजीनं नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं आणि शिरा खाऊन परत जायचं होतं.

पण त्याला एक गोष्ट खुपली. तिनं रिपोर्ट मागितला नव्हता. ही पोरगी घरात आली की आधी रिपोर्ट मागायची, मग पाणी प्यायची. गोळी किती पॉवरची, टीएसएच किती, कॅल्शियम बघितलं का, असं त्याला भंडावून सोडायची. आणि आज तिनं बापाच्या तोंडचं नुसतं खरं मानलं. म्हणाली, चीज झालं. बापावरच्या विश्वासानं म्हणाली. खोट्या आकड्यानं तिचं कॉलेज नेलं होतं. आता खोटं सांगून तो तिच्याजवळचं काय नेत होता, ते त्याला नीट शब्दांत मांडता आलं नसतं.

त्यानं पिशवीत हात घातला, सफरचंदं बाजूला केली आणि कागद काढला.

"हात धू," तो म्हणाला. "आन ह्ये वाच."

रत्नानं हात धुतले, पदराला पुसले. पोरीला त्याच्या मांडीवर दिलं आणि कागद उलगडला. इंग्रजी होतं. सुरुवातीला ती अडखळत, ओठ हलवत वाचत होती. मग ओठ हलायचे थांबले. डोळे भराभर खाली आले, पुन्हा वर गेले. तिनं बोट एका ओळीवर ठेवलं.

"डायल्यूशन केलं त्यांनी?" तिनं विचारलं. आवाज वेगळाच होता, दोन-अडीच वर्षांपूर्वीचा. "पातळ करून आकडा उतरला न्हाई... बरोबर. आन हितं दुसऱ्या मेथडनं शून्य. दादा! हेटेरोफाइल अँटिबॉडी! आमच्या पुस्तकात व्हतं ह्ये. चार ओळी व्हत्या नुसत्या. बाई म्हनल्या व्हत्या परीक्षेला येत न्हाई, पन मी वाचलं व्हतं. जनावरांत काम करनाऱ्याला... म्हंजी तुमच्यात जे दिसलं त्ये..."

ती थांबली. कागदाच्या खालच्या ओळीकडं बघत राहिली. आत कढईत रवा भाजल्याचा वास सुटला होता.

"म्हंजी तवा बी नव्हतं," ती म्हणाली.

"न्हाय."

"चौदा आला तवा बी."

"न्हाय. कवाच नव्हतं." भागुजीची मान खाली गेली होती, ती त्यानं वर केली. हे तोंडावर सांगायला तो आला होता, हे त्याला आत्ता कळत होतं. "डोसाचं मी खोटं सांगितलं. तू सांगत व्हतीस, दुसऱ्या मशीनवर लावा. कागदावर पेन्सिलीनं दावलं व्हतंस. मी आयकलं न्हाय. पोरी, चूक मशीनची आसंल, पन ती त्यांची त्यांच्यापाशी. माजी चूक माजी हाय."

कुशाबाई शिऱ्याची ताटली घेऊन दारात आली होती. तिच्या कानावर निम्मं पडलं होतं. "काय गं, काय झालं? चांगलं आलंय ना?"

"चांगलंच आलंय आत्या," रत्ना म्हणाली. "दादांना परत काय झालंच नव्हतं. मशीन चुकलं व्हतं."

"आगं मंग रडतीस काय!" कुशाबाईनं ताटली भागुजीपुढं ठेवली आणि मनापासून हसली. "म्हंजी त्या मशीनची किरपाच म्हनायची! त्ये चुकलं न्हसतं तर आमाला अशी गुनाची सून कुठनं मिळाली आसती? का ओ पावणं?"

ती प्रेमानंच बोलली होती. भागुजीनं शिऱ्याची ताटली बाजूला सारली.

"ईहीनबाई," तो म्हणाला, "मे महिन्यात मी रिटायर व्हतोय. नातीला मी सांभाळीन. हितं येऊन ऱ्हाईन, न्हाईतर तिकडं न्हीन. रत्नाला कालेजात जाऊ द्या. मी हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले, मांडीवरची नात सावरत. कुशाबाई सुनेकडं बघायला लागली.

"दादा, नगा हात जोडू," रत्ना शांतपणे म्हणाली. "मीच फोन केला व्हता कालेजात, गेल्या वर्षी. कुनाला सांगितलं न्हाई. माजं नाव काढलंय त्यांनी. परत पहिल्यापासनं परवेश घ्यावा लागंल, परवेश परीक्षेपासनं. चार वर्सं."

"मंग घ्यू की! चार तर चार!"

"बघू," रत्ना म्हणाली.

हा ‘बघू’ भागुजीनं या घरात आधीही ऐकला होता. पण तो इतरांचा होता. तिच्या तोंडून तो आज पहिल्यांदा ऐकला.

चार वाजता नारायणगावची गाडी होती. भागुजी उठला, चपला पायात घातल्या. नात पुन्हा आईच्या कडेवर गेली. रिपोर्ट रत्नाच्या हातातच होता. कुशाबाई म्हणाली, "आगं, त्यांचा कागद दे त्यांना. फुडच्या टायमाला दवाखान्यात लागंल."

भागुजीनं हात पुढं केला. रत्नानं कागद दिला नाही. आहे त्याच घड्यांवर तो चौपदरी केला आणि मुठीत धरला.

"दादांना फोनवर हाय त्यो. आनखी काढता येईल," ती म्हणाली. "ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"तुला गं कशाला? त्यांच्या रक्ताचा त्यो!"

"व्हय आत्या," रत्ना म्हणाली. "पन त्यात जे खरं निघालंय त्ये माजं हाय."

भागुजीनं पुढं केलेला हात तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यानं तो मागं घेतला, आणि तिच्याकडं नीट बघून, दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरला म्हणावं तशा अदबीनं म्हणाला, "ठिवा."